संचापाशी कोण बसणार?

९ एप्रिल २००९. रात्री दोनच्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराच्या दक्षिण भागात कोणीतरी मॅनहोलचे झाकण उचलून खाली उतरले आणि आतल्या फायबरच्या केबल कापून टाकल्या. उजाडले तेव्हा पलीकडची मॉर्गन हिल आणि गिलरॉय ही गावे मुकी झाली होती. घरचे फोन गेले, मोबाइल गेले, इंटरनेट गेले. एटीएम पैसे देईनात, दुकानांत कार्ड चालेना. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका या सगळ्यांसाठी असलेला ९११ हा क्रमांकही लागेना. भूकंप झाला नव्हता, वणवा पेटला नव्हता. घरे उभी होती, दिवे लागत होते. फक्त कोणाचा आवाज कोणापर्यंत जात नव्हता.

त्या दिवशी रुग्णालयांत आणि आपत्कालीन केंद्रांत काही माणसे बिनतारी संच घेऊन येऊन बसली. एरवी आपापल्या नोकरीधंद्यात असणारी, हौशी रेडिओचा परवाना बाळगणारी, विनावेतन काम करणारी माणसे. गावावर प्रसंग आला की मदतीला धावणारे लोक सगळीकडेच असतात, त्यामुळे ती आली याचे मला फारसे आश्चर्य वाटत नाही. मला थांबवून धरते ती दुसरीच गोष्ट. या माणसांची नावे, त्यांचे परवाने, त्यांची ओळखपत्रे हे सारे काउंटीच्या आणि नगरपालिकेच्या दप्तरी आधीच नोंदलेले होते. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. केबल तुटल्यावर यादी करायला कोणी बसले नाही. ती कधीच झालेली होती.

या यादीमागे कित्येक दशकांची वाटचाल आहे. अशा याद्या ठेवणाऱ्या सेवेचे सरकारी नाव रेसेस, म्हणजे ‘रेडिओ अमॅच्युअर सिव्हिल इमर्जन्सी सर्व्हिस’ या लांबलचक नावाची आद्याक्षरे. १९५२ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार आयोगाने ही सेवा सुरू केली आणि ती स्थानिक शासनांच्या हाती दिली. संच, अँटेना, बॅटऱ्या यांच्या गोष्टी या क्षेत्रातली मंडळी रात्र रात्र सांगतील. मला सांगायची आहे ती माणसे जमवण्याची गोष्ट. संचापाशी बसायला माणूस कोण, तो कोणाचा, आणि तो यादीवर टिकतो कसा?

हौशी रेडिओवाल्याला जगभर ‘हॅम’ म्हणतात. परीक्षा द्यायची, परवाना आणि कॉलसाइन, म्हणजे संचावरचे ओळखनाव, घ्यायचे, स्वतःच्या पैशाने संच उभा करायचा आणि त्यावर पैशासाठी काही करायचे नाही, ही या छंदाची जगभरची रीत. अमेरिकेत या लोकांची संकटातली उपयुक्तता फार लवकर दिसली. मार्च १९१३ मध्ये ओहायो राज्यात महापूर आला, तारायंत्राच्या तारा वाहून गेल्या, तेव्हा घरगुती संचांवरून हौशी मंडळींनी निरोप बाहेर पोचवले. पुढच्याच वर्षी हार्टफर्डचे संशोधक हायरम पर्सी मॅक्सिम यांनी अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन केली. त्या नावातला ‘रिले’ शब्द अनुभवातून आलेला आहे. तिसेक मैलांवरच्या स्प्रिंगफील्डला त्यांचा संदेश थेट पोचत नव्हता. वाटेतल्या गावच्या एका हौशी माणसाने तो घेतला आणि पुढे दिला.

१९३५ मध्ये लीगने संकटकाळासाठी स्वतःची फळी उभारली. १९३६ आणि १९३७ च्या मोठ्या पुरांत हॅम मंडळींनी जिवाचे रान केले. पण ही माणसे लीगची होती. गावाच्या मेयरने त्यांना विनंती करायची, आणि त्यांनी आपल्या परीने मदत करायची. पाहुण्याने स्वयंपाकघरात हात लावावा तसा हा मामला होता. पाहुणा कितीही कामसू असला तरी पिठाचा डबा कुठे आहे ते त्याला विचारावेच लागते.

हे नाते बदलले ते महायुद्धाने. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या हौशी संचांना गप्प बसवण्यात आले. शत्रूला एक शब्दही आयता मिळू नये म्हणून. पण शहरांवर बॉम्ब पडले तर संदेशवहन कोण करणार, हा प्रश्न उरलाच. जून १९४२ मध्ये ‘वॉर इमर्जन्सी रेडिओ सर्व्हिस’ निघाली आणि तिच्यात एक नवीच गोष्ट होती. परवाना माणसाच्या नावे नव्हता, तो नगरपालिकेच्या नावे होता. नगरपालिकेने एक ‘रेडिओ एड’ नेमायचा, म्हणजे रेडिओचे काम पाहणारा जबाबदार माणूस. त्याने संच जुळवायचे, ते चालवणारे शोधायचे, त्यांना शिकवायचे आणि त्यांचा भरवसा आहे याची खात्री करून द्यायची. तरणीताठी हॅम मुले फौजेत गेलेली. मग संचापाशी बसल्या स्त्रिया, शाळकरी पोरे, वय उलटलेले गृहस्थ. यांतल्या कित्येकांनी तोवर संच जवळून पाहिलाही नसेल. ११२ मेगाहर्ट्झ आणि त्यावरच्या लहरींवर, म्हणजे गावापुरत्याच पोचणाऱ्या लहरींवर हे जाळे चालले आणि युद्ध संपल्यावर नोव्हेंबर १९४५ मध्ये बंद झाले.

ही तीन-साडेतीन वर्षे मला या वाटचालीचा खरा पाया वाटतात. परवानाधारक मिळेनात म्हणून गावाने माणसे स्वतः घडवली. आज या कामात जे मुरलेले आहेत तेही हेच सांगतात की तरबेज हॅम मिळाला तर उत्तमच, पण नेमून दिलेल्या जागी वेळेवर येऊन बसणारा, सांगितलेले नीट लिहून घेणारा माणूस आधी हवा.

१९४९ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रशियाने अणुबॉम्बची चाचणी केली, पुढच्या जूनमध्ये कोरियात युद्ध पेटले आणि जानेवारी १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नागरी संरक्षण कायद्यावर सही केली. रेसेस जन्मली ती या भीतीतून. तिची मूळ अट आजही नियमपुस्तकात आहे. ज्या हॅमची नोंदणी नागरी संरक्षण यंत्रणेकडे झालेली आहे, त्यालाच रेसेसमध्ये बोलता येईल. आणि राष्ट्राध्यक्षांनी युद्धकालीन अधिकार वापरून हौशी लहरी बंद केल्या, तर नोंदलेली हीच माणसे ठरावीक लहरींवर बोलत राहतील. म्हणजे १९४१ मध्ये सगळे गप्प झाले तसे पुन्हा होऊ नये. प्रत्येक शहराचा, काउंटीचा एक ‘रेडिओ ऑफिसर’ असायचा आणि त्याची नेमणूक नागरी संरक्षणाचा प्रमुख करायचा. लीग सल्ला देई, माणसे सुचवी, पण नेमणुकीच्या कागदावर सही स्थानिक शासनाची. सरावालासुद्धा माप घातलेले होते. आजच्या नियमांत ते आठवड्याला एकूण एक तास असे आहे, आणि राज्याच्या आपत्कालीन नियोजनाच्या प्रमुखाची परवानगी असेल तर वर्षातून जास्तीत जास्त दोनदा बहात्तर तासांपर्यंतचा मोठा सराव.

बॉम्ब पडला नाही. ज्या प्रसंगासाठी फौज उभी केली तो न येणे हे भाग्यच, पण फौजेला ते मानवत नाही. साठ आणि सत्तरच्या दशकांत अनेक गावांत रेसेस कपाटातल्या फाइलीपुरती उरली. यादीवरचा माणूस कधीच दुसऱ्या राज्यात गेलेला असे. कोणी वारलेले असे आणि नाव मात्र कागदावर जिवंत. १९६४ चा अलास्कातला प्रचंड भूकंप, १९७१ चा लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडोचा भूकंप यांत हॅम मंडळींनी काम केले, पण त्यात यादीपेक्षा ओळखीपाळखीचा, मनाच्या ओढीचा भाग मोठा होता. १९७९ मध्ये केंद्राची आपत्ती व्यवस्थापन संस्था, फेमा, स्थापन झाली. नागरी संरक्षणाचे लक्ष हळूहळू बॉम्बवरून भूकंप, वादळ, पूर, आग यांकडे वळले. रेसेसला पुन्हा काम सापडले.

आणि मग कॅलिफोर्निया. या वाटचालीत मी सर्वांत जास्त रेंगाळतो तो इथे.

ऐंशीच्या दशकात सॅक्रामेंटोच्या राज्य आपत्कालीन सेवा कार्यालयातून रेसेससाठी नियमित पत्रके निघू लागली. ती पॅकेट रेडिओवरून, म्हणजे हॅम संचालाच संगणक जोडून, राज्यभर आणि राज्याबाहेरही जात. एखाद्या सरकारी कार्यालयाने विनावेतन माणसांशी इतक्या चिकाटीने, इतके बारीकसारीक बोलावे याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. अँटेना किती उंच हवी याहून जास्त जागा या पत्रकांत माणसांना मिळे. अर्ज घ्या. मुलाखत घ्या. येईल त्याला ‘हो’ म्हणू नका. स्वयंसेवक म्हणजे बिनपगारी कर्मचारी, तेव्हा त्याच्याकडून कर्मचाऱ्याइतकीच शिस्त मागा आणि त्याला कर्मचाऱ्याइतकाच मान द्या. असा साधारण त्यांचा सूर असे.

मान देणे म्हणजे चहापाणी आणि शाल-श्रीफळ एवढ्यापुरते नव्हते. कॅलिफोर्नियात आपत्तीत काम करणारा नोंदणीकृत स्वयंसेवक हा ‘आपत्ती सेवा कर्मचारी’ ठरतो. तो सरकारी नोकराप्रमाणे शपथ घेतो, सही करतो आणि कामावर असताना इजा झाली तर त्याला नुकसानभरपाईचे संरक्षण मिळते. आता विचार करा, भूकंपानंतरच्या अंधारात एखादा माणूस नगरपालिकेच्या सांगण्यावरून दोन मजले चढून अँटेना बांधतो आणि पडतो. त्याच्या उपचारांचा खर्च कोणाचा? नोंदणी असेल तर उत्तर कायद्यात आहे. नसेल तर त्याचे कुटुंब आणि देव. माणसाला राबवून घेण्याआधी त्याच्या पडण्याची सोय पाहणे, ही मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत माणुसकीची गोष्ट वाटते.

किती माणसे लागतात? एका मध्यम शहराचे माझे मीच गणित मांडून पाहतो. नियंत्रण कक्षात एक संच, दोन रुग्णालयांत एकेक, निवाऱ्याच्या तीन शाळांत एकेक, अशा सहा खुर्च्या. बारा-बारा तासांच्या पाळ्या धरल्या तर दिवसाला बारा माणसे. नियंत्रण कक्षात बोलणाऱ्याच्या शेजारी लिहून घेणारा हवाच, म्हणजे चौदा. आठवडाभर रोज बारा तास कोणी बसू शकत नाही. दर तिसऱ्या दिवशी विश्रांती द्यायची तर एकवीस. आता भूकंप झालाच तर या एकविसांतले काही पडलेल्या पुलापलीकडे, काही परगावी, काहींच्या स्वतःच्याच घरात आजारी आई. निम्मे हाताशी लागतील असे धरले तर यादीवर बेचाळीस नावे हवीत. सहा खुर्च्यांना बेचाळीस माणसे! आणि एवढे करूनही हातात संच धरून रस्त्यावर फिरणारे, जनरेटर सांभाळणारे, बॅटऱ्या पोचवणारे मी धरलेलेच नाहीत.

म्हणून त्या पत्रकांनी आणि त्यांतून निघालेल्या पद्धतीने एक महत्त्वाची गोष्ट रुजवली. पथकातला प्रत्येक जण बोलणारा असायला नको. कोणी संच दुरुस्त करील. कोणी नोंदवही ठेवील, पाळ्या लावील, जेवणाचे पाहील. ज्याला परवाना नाही पण ज्याचे अक्षर स्वच्छ आहे, त्याला संदेश उतरवायला बसवा. नव्वदच्या दशकात ‘ऑक्झिलरी कम्युनिकेशन्स सर्व्हिस’, म्हणजे साहाय्यक संदेशसेवा, हे अधिक मोकळे नाव कॅलिफोर्नियात पुढे आले ते याच विचारातून. सिएटल शहराचे पथक हेच नाव लावते. रेसेसच्या चौकटीत फक्त हौशी लहरी येतात. नव्या नावाखाली नगरपालिकेच्या स्वतःच्या लहरी, उपग्रह फोन, साधा फोन, वेळ पडली तर सायकलवरून चिठ्ठी नेणारा मुलगाही सामावतो.

१७ ऑक्टोबर १९८९ च्या संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत ६.९ तीव्रतेचा लोमा प्रिएटा भूकंप झाला. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सामना सुरू व्हायचा होता, देशभरचे लोक दूरचित्रवाणीसमोर बसलेले. ओकलंडमधल्या दुमजली महामार्गाचा वरचा मजला खालच्यावर कोसळला आणि तिथेच ४२ जण गेले. एकूण बळी ६३. सांताक्रूझ आणि वॉट्सनव्हिल या केंद्राजवळच्या गावांचे मोठे नुकसान झाले, पण जगाचे डोळे त्या महामार्गावर लागलेले. फोनच्या तारा बऱ्याच ठिकाणी शाबूत होत्या. तरी फोन लागत नव्हता, कारण सगळेच एकाच वेळी लावत होते. हॅम मंडळी निवाऱ्यांत, रुग्णालयांत, रेड क्रॉसच्या केंद्रांत जाऊन बसली.

अशा प्रसंगी एक फार नाजूक अडचण येते. संकट कळताच संच गळ्यात अडकवून दारात हजर होणारे भले लोक. त्यांच्या मनात खोट नसते. पण नियंत्रण कक्षाच्या दारावरच्या पोलिसाला त्यांची ओळख नाही. आतल्या लोकांना त्यांचे कसब ठाऊक नाही. त्यांना गावाचे नकाशे माहीत नाहीत. कोणी सतत बोलत राहतो आणि एकुलती लहर अडवून बसतो. ज्यांनी सहा महिने आधी अर्ज भरायला टाळाटाळ केली तेच त्या दिवशी सर्वांत पुढे असतात, ही या कामातल्या लोकांची जुनी व्यथा आहे. त्यांना परत पाठवायचे कसे, आणि पाठवले तर पुढच्या वेळी ते येतील का? बहुतेक पथकांनी यावर मधला मार्ग काढला. अशांची नावे लिहून घ्यायची, बाहेरच्या साध्या कामाला लावायचे आणि सारे शांत झाले की अर्ज हातात द्यायचा.

दोन वर्षांनी, २० ऑक्टोबर १९९१ ला, ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा उसळला. २५ माणसे गेली, तीनेक हजार घरे भस्म झाली. मदतीला आलेल्या बाहेरच्या बंबांच्या पाइपांची तोंडे ओकलंडच्या नळांना बसेनात आणि रेडिओच्या लहरींवर इतकी गर्दी झाली की कोणाचे कोणाला कळेना. सिनेटर निकोलस पेट्रिस यांच्या पुढाकाराने कायदा झाला आणि राज्यभर सर्व यंत्रणांसाठी एकसारखी आपत्कालीन रचना आली. त्या रचनेच्या तक्त्यात संदेशवहनाला ठरलेली जागा आहे आणि त्या जागेखाली स्वयंसेवक पथकालाही. तक्त्यातली एक चौकट म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण त्या चौकटीमुळे विनावेतन माणसाला कळते की आपण कोणाला विचारायचे, आपल्याला कोण सांगणार, आपली पाळी संपल्याचे कोणाला कळवायचे. १९४२ च्या रेडिओ एडने जे गावापुरते केले ते आता राज्याच्या कायद्यात आले.

त्याच १९९१ सालात फेमाने रेसेससाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. आणि त्याच सालात हौशी परवान्याच्या ‘टेक्निशियन’ वर्गासाठी मोर्स लिपीची अट गेली. जुन्या हॅम मंडळींना ते फार लागले. कट्ट-कडकट्टच्या त्या लिपीवर त्यांनी तारुण्य वाहिले होते. त्यांचे दुःख मी हलके मानत नाही. पण माणसे जमवणाऱ्या रेडिओ ऑफिसरच्या दृष्टीने पाहिले तर गृहिणी, परिचारिका, बसचालक यांच्यासाठी दार अधिक मोकळे झाले. २००७ मध्ये मोर्सची अट सर्वच वर्गांसाठी संपली. दुसरीकडून लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने १९८५ मध्ये सुरू केलेले नागरिकांचे प्रशिक्षण ‘सर्ट’ या नावाने देशभर पसरले. मोहल्ल्यामोहल्ल्यांतून तयार झालेल्या या लोकांतलेही काही जण परवाना घेऊन संचापाशी आले.

एक गाठ मात्र बरीच वर्षे सुटेना. हॅमने पैशासाठी किंवा आपल्या मालकाच्या कामासाठी बोलायचे नाही हा नियम. आता रुग्णालयातली परिचारिका परवानाधारक आहे आणि रुग्णालयाने आपत्तीचा सराव ठेवलेला आहे. तिने आपल्याच रुग्णालयाच्या वतीने संचावर बोलायचे की नाही? खऱ्या आपत्तीत कोणी हरकत घेतली नसती, पण सराव केल्याशिवाय आपत्तीत बोलायचे कसे? २०१० मध्ये आयोगाने नियम बदलला आणि शासनाने ठेवलेल्या सरावात नोकरदारांना आपल्या संस्थेसाठी बोलण्याची मुभा दिली.

माणूस निवडताना जे प्रश्न विचारायचे ते ऐकायला साधे आणि उत्तर द्यायला अवघड असतात. तुम्ही आणखी कोणत्या पथकाच्या यादीवर आहात? एकच उत्साही माणूस नगरपालिकेच्या, काउंटीच्या, रेड क्रॉसच्या आणि लीगच्या अशा चारही याद्यांवर असतो आणि चारही ठिकाणी त्याला हिशेबात धरलेले असते. प्रसंगाला तो एकाच ठिकाणी जाणार. तुम्ही अग्निशमन दलात किंवा रुग्णालयात नोकरीला आहात का? असाल तर त्या दिवशी तुमच्यावर पहिला हक्क त्यांचा. घरी कोण आहे? मुले शाळेतून कोण आणणार, म्हाताऱ्या वडिलांजवळ कोण थांबणार हे ठरलेले आहे का? आधी घर पाहा, मग या, असे पथके उघड सांगतात. ज्याच्या घरचे ठरलेले नाही तो मनाने संचापाशी नसतोच.

मग शिकवणे. आयसीएस २१३ नावाचा संदेशाचा एक पानी नमुना आहे. कोणाकडून, कोणाला, केव्हा, काय, खाली सही. तो भरल्याशिवाय काही बोलायचे नाही आणि ऐकलेले स्वतःच्या शब्दांत सांगायचे नाही. ‘पन्नास पांघरुणे हवीत’ हे ‘बरीच पांघरुणे हवीत’ झाले की कोणीतरी कुडकुडत राहते. हौशी लहरींवर अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायला बंदी आहे, कोणीही ऐकू शकतो. त्यामुळे मृताचे नाव, जखमीचा आजार हवेत सोडायचा नाही. आणि रिकाम्या वेळात गप्प बसायचे. गप्प बसणे हे सर्वांत अवघड, कारण ज्याला बोलण्याची ओढ आहे तोच मुळात हा छंद धरतो.

२००० च्या सुमारास केंद्रीय आयोगाने रेसेसच्या स्वतंत्र केंद्रांना दिलेल्या परवान्यांचे नूतनीकरण थांबवले. संस्था संपली असे काहींना वाटले. पण नोंदणीचे नियम तसेच राहिले आणि माणसे स्वतःच्या कॉलसाइनवर काम करत राहिली. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने आखाती किनाऱ्यावरची ३८ आपत्कालीन फोन केंद्रे बंद पाडली, तेव्हा या माणसांची आठवण वॉशिंग्टनलाही झाली. पुढे केंद्रीय गृहसुरक्षा विभागाने साहाय्यक संदेशवहनासाठी ‘ऑक्सकॉम’ नावाचा अभ्यासक्रम काढला.

ही गोष्ट मराठीत सांगावीशी वाटते कारण त्या बंद फोनची ओळख आपल्यालाही आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि ज्यांची माणसे त्या रात्री घरी पोचली नाहीत त्यांना मोबाइलच्या पडद्याकडे पाहत बसणे म्हणजे काय ते माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मदतीला गेलेल्यांत आपल्या देशातली हॅम मंडळीही होती. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम वेगळ्याच कामासाठी पोर्ट ब्लेअरला संच लावून बसल्या होत्या आणि अंदमानचा बाहेरच्या जगाशी संपर्क त्यांच्या संचाने राखला. परवाना द्यायची, परीक्षा घ्यायची व्यवस्था आपल्याकडेही आहे, माणसे तर आहेतच. पण नगरपालिकेने सही केलेली, दरवर्षी तपासलेली, माणूस पडला तर त्याचे काय हे ठरवलेली यादी? मला ती माझ्या शहरात पाहायला आवडेल. मॉर्गन हिलपासून तासाभराच्या आत कुपर्टिनो, सनिव्हेल ही शहरे आहेत, जिथे मराठी घरे शेकड्यांनी आहेत. त्यांतल्या कोणाला हे वाचून आपल्या सिटी हॉलमध्ये अर्ज मागावासा वाटला तर आनंदच आहे.

या पथकांपुढे आज सर्वांत मोठी काळजी वयाची आहे. ज्यांनी लोमा प्रिएटात संच धरला त्यांतले बरेच जण आता सत्तरीपार आहेत. जड बॅटरी उचलून जिना चढणे त्यांना जमत नाही, आणि मोबाइलवर वाढलेल्या मुलांना संचाची गरज पटवायला वेळ लागतो. कोणी शाळेत वर्ग घेते, कोणी म्हाताऱ्यांना नियंत्रण कक्षाच्या खुर्चीवर आणि तरुणांना रस्त्यावर ठेवून जोड्या लावते.

बाकी काम आठवड्याचे आहे. ठरलेल्या संध्याकाळी, ठरलेल्या लहरीवर हजेरी. संचालक एकेक कॉलसाइन पुकारतो, पलीकडून ‘हजर’ येते, वहीत खूण होते. कधी पुकारल्यावर नुसती खरखर. तो पुन्हा एकदा पुकारतो, थांबतो, पुढच्या नावाकडे जातो. दुसऱ्या दिवशी रेडिओ ऑफिसर त्या माणसाला फोन लावतो. कोणाची बॅटरी उतरलेली असते, कोणी मुलीकडे गेलेला असतो, कोणी दवाखान्यात. एखादा सांगतो की घर बदलले, आता दुसऱ्या गावात राहतो. ऑफिसर त्या गावच्या पथकाचा पत्ता त्याला देतो आणि यादीवरचे एक नाव खोडतो. आता एक जागा भरायची आहे.